गटाराचा उतार

नव्या खेळाचा नुसता बोभाटा! सुनेनं त्यापायी रजा टाकली. कॉम्प्युटरवर शहर बसवायचं म्हणे. तीस वर्षं रस्त्यावर गटारं खोदलेली बाई मी, नाक मुरडलं. पण संध्याकाळी ती रडवेली दिसली. "आई, शहर तुंबलंय. माणसं घरं सोडून चाललीत." मी चष्मा चढवला. इमारती झकास, अन् गटारं चढाला काढलेली! "अगं, आम्ही खोदण्याआधी बादलीभर पाणी ओतायचो. ते धावेल तिकडे गटार. तुझी नदी बघ कुठं धावते!" आमच्या साहेबांनी कधीच ऐकलं नव्हतं, तिनं ऐकलं. तेवढ्यात लेक कामावरून आला. "आई, तूसुद्धा? बंद करा, स्वयंपाकाचं बघा." सुनेचा हात बटणाकडे गेला. मी मनगट धरलं. "खबरदार! हजार माणसं घाणीत उभी आहेत." लेकाला म्हटलं, "कुकर तिथंय. तांदळाच्या दुप्पट पाणी घाल." खुर्ची पुढे ओढली. "खोद गं!"