मोरपंखी लोकर

मोरपंखी लोकर, तिच्यात पिवळ्या रेशमाचा धागा पिळलेला. असलं सूत परभणीत कुणी बघितलंच नव्हतं. माझ्या मालकांनी हैदराबादेहून आधी टपालानं नमुन्याची एक लडी धाडली. ती समोर ठेवून मी स्वेटरांचे चार नवे नमुने बसवले.

बाकीचं गाठोडं घेऊन मालक निघाले. वालूरच्या रस्त्यावर त्यांचं प्रेत सापडलं. गाठोडं न्हाई सापडलं.

वरसानं झरीचा लिंबाजी माझ्या ओसरीवर आला. "बाई, थंडी लय पडायलीय. एक स्वेटर विणून द्या," म्हणत त्यानं तीच लोकर माझ्यापुढं टाकली. मी कुणाची बायको, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी लोकर उचलून हातात तोलली. "यात चार होतील, भाऊ. नमुनेबी चार हायत, एकाहून एक. कुणी वाटेकरी हाय का?"

"हायत की! आमी चौघांनी मिळून घेतलीय."

"मग उद्या चौघंबी या. माप अंगावर घ्यावं लागतं."

हसत-खिदळत आले. मी प्रत्येकाचं नाव-गाव विचारलं आणि एकेका दोऱ्यानं माप घेऊन गाठी मारल्या.

दुपारी ठाण्यात अमीनसाहेबांपुढं नमुन्याची लडी ठेवली, चौघांची नावं सांगितली आणि ते चार दोरे मांडले.

"ये डोरे काय कू, अम्मा?"



"चौघांचे गळे मापून आणलेत, साहेब. फास ढिला बसायला नको."