काखेतली नळी

बारा वाजून चार मिनिटांनी कौसल्याबाई निमसरकार पुन्हा माणूस झाल्या. नंतर दुरुस्त झालेल्या दप्तरी नोंदीनुसार त्या कायम माणूसच होत्या, त्यामुळे हे काही घडलंच नाही.

अकरा वाजता मात्र रक्त तपासणाऱ्या यंत्राने निकाल दिला होता: 'तांबड्या पेशी आकाराने प्रचंड, संख्येने नगण्य. असं रक्त माणसात नसतं.' लगेच त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन गुरांच्या दवाखान्याकडे वर्ग झालं. न्यायला गाडी साडेबाराला येणार होती, आणि यंत्राचा निकाल फक्त यंत्रच बदलू शकत होतं.

"मी काय म्हैस वाटून राहिली का त्याले?" कौसल्याबाई कडाडल्या.

"म्हशीचं रक्त ते बिनतक्रार मोजतं, मावशी," टेक्निशियन अस्मिता म्हणाली. तिने काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पेशी चांगल्या होत्या, फक्त एकमेकींना चिकटल्या होत्या. यंत्राच्या सोयीसाठी खोलीत एसी सोळावर होता. काहींचं रक्त गारठ्याने असं गोळा होतं, आणि यंत्र अख्खा घोळका एकच पेशी म्हणून मोजतं.

रक्ताची नळी कोमट करायचं उपकरण बंद होतं. अस्मिताने बूच घट्ट लावून नळी काखेत धरली.

"पोरी, आता तुले ताप आला का?"

"अर्धा तास हसवू नका, मावशी. तुम्ही माझ्या काखेत आहात."

नळी उबदार असतानाच यंत्रात गेली. यंत्र घुटमळलं, मग म्हणालं, 'माणूस. किंचित अशक्त.'

"किंचित कोणाले म्हणते रे?" कौसल्याबाई ओरडल्या, आणि रक्त द्यायला थांबलेल्या सगळ्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

दुपारी अस्मिताने अर्ज दिला: 'सदर काखेची नोंद प्रयोगशाळेच्या उपकरण-यादीत घेऊन तिच्या वार्षिक देखभालीस मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.'