ऐकू आलं की बोट वर

आवाज आला आणि तिनं बोट वर केलं. शेजारच्या खुर्चीतल्या नवऱ्यानंही केलं.

रानात आले की त्यांचा हा नियमच होता. तंबू ठोकून झाला, स्टोव्हवर चहा झाला, की तळ्याकडे तोंड करून दोन खुर्च्या टाकायच्या आणि उजेड असेपर्यंत बोलायचं नाही. काही ऐकू आलं की नुसतं बोट वर. पद्धत तिच्या कामातली. दवाखान्यातल्या बंद खोलीत लोकांचे कान तपासण्यात तिचा उभा जन्म गेला होता. पेशंटच्या कानांवर हेडफोन, तिच्या हाताखाली मशीनचं बटण, आणि "ऐकू आलं की बोट वर करा" हे एकच वाक्य दिवसभर. रान मात्र नवऱ्याचं. छापखान्यातली नोकरी सांभाळून त्यानं रानातले आवाज गोळा केले होते, तेही नुसते डोक्यात. मित्र फोनवरून काहीबाही ऐकवायचे आणि हा पठ्ठ्या तोंडातला घास चावता चावता सांगायचा, कोल्हा आहे, मादी आहे, पिल्लं जवळपास आहेत.

आवाज पुन्हा आला. जड कपाट कुणी फरशीवरून ओढावं तसा लांबलचक, आणि संपायच्या आत तुटलेला. इतक्या वर्षांत असलं काही तिनं ऐकलं नव्हतं. तिनं बोट वर केलं. त्यानंही.

"काय हो हे?" नियम मोडून तिनं विचारलं.

"घुबड," तिच्या तोंडाकडे बघत तो म्हणाला.

"घुबड?"

"मग काय! कान तपासून घ्या एकदा, डॉक्टरीणबाई."

विनोद नेहमीचाच होता. ती हसलीसुद्धा. पण घुबड काय, तिलाही ओळखू येत होतं, आणि हे घुबड नव्हतं.

तिसऱ्यांदा तो आवाज आला तेव्हा ती झाडांकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. या वेळी आवाज चांगला मोठा होता. तिनं हात हलवला नाही. तोही हलला नाही. चहाचा कप हातात धरून तो निवांत बसला होता आणि त्याची नजर तिच्या मांडीवरच्या हातावर होती.

ही नजर ती ओळखून होती. ज्यांना ऐकू येत नाही आणि तसं कबूलही करायचं नसतं, ती माणसं बटणावरच्या हाताकडे बघतात. म्हणून तर ती पेशंटला पाठमोरं बसवायची. घरी टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. स्वयंपाकघरातून मारलेल्या हाका फुकट जात होत्या. पण इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं न ऐकणं, याला कुणी आजार म्हणतं का?

ती थांबली. वारा पडला होता. पाणी हलत नव्हतं, पान हलत नव्हतं, कुठे काही वाजत नव्हतं. तिनं सावकाश बोट वर केलं.

त्याचं बोट लगोलग वर आलं.

"तेच," तो खुशीत म्हणाला. "मघाचंच घुबड. जवळ आलंय बघ."

तिला भडभडून आलं. दवाखान्यात ती हे दोन वाक्यांत सांगायची, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. आता एकही वाक्य जुळेना.

त्याचं बोट तसंच हवेत होतं. त्यानं तिचा चेहरा पाहिला. मग हात हळूच खाली घेतला.

"आवाज नव्हता का गं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"आणि मघाचा?"

"तो होता."

"घुबड नव्हतं?"

"नव्हतं."

"मला वाटलं, घुबड म्हटलं की खपून जाईल. या वेळेला असतंच ते." त्यानं कप खाली ठेवला. "छापखान्यातल्या मशीननी खाल्लं सगळं. आधी पाखरं गेली. बारीक आवाज आधी जातात, तूच सांगायचीस ना लोकांना."

"मला का नाही सांगितलंत?" तिनं मोठ्यानं विचारलं. आपण मोठ्यानं बोलतोय हे कळून तिला आणखीच रडू आलं.

"सांगितलं असतं, तर इथं यायला काय निमित्त उरलं असतं आपल्याला?"

तळ्यावरचा उजेड कमी होत होता. तोच पुढे म्हणाला, "कसा होता गं?"

"कपाट ओढल्यासारखा."

"तसं नाही. काढून दाखव."

"इश्श, मला कुठे येतं?"

"इथं कोण बघतंय?"

तिनं खुर्ची ओढून त्याच्या उजव्या हाताला घेतली. तोंड अगदी त्याच्या कानाशी नेलं आणि तो आवाज काढला. लांबलचक, खरखरीत. जनावराचा जिथे तुटला होता त्याच्या बराच आधी तिचा तुटला. त्यानं कानामागे तळवा धरला होता आणि डोळे मिटले होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तो तिच्या हाताकडे बघत नव्हता.

"ओळखीचा नाही," बराच विचार करून तो म्हणाला. "पुन्हा काढ."

तिनं पुन्हा काढला, आणखी मोठ्यानं. तळ्याच्या पलीकडून जनावरानं उत्तर दिलं.

तो तसाच डोळे मिटून बसला होता. तिनं बोट वर केलं नाही.