सुटा शाफ्ट

वहिनीची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह वळताना जखडायची, खालून टकटक वाजायची. शोरूमच्या टायवाल्यांनी वाकूनही न बघता गाडी मेली म्हणून सांगितलं. गाडी गेली की तिची शाळेच्या पोरांची फेरी गेली, म्हणजे थेट पोटावर पाय.

मिस्त्री दिराने चिडून मागच्या चाकांना फिरवणारा लोखंडी शाफ्ट सोडवला आणि शेडमध्ये जमिनीवर ठेवला. "आता नुसत्या पुढच्या चाकांवर फिरवा. वाजली नाही, तर गिअरबॉक्स शाबूत."

वहिनीने पटांगणात स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. गाडी लोण्यासारखी वळली. शेडच्या दारातून बघणाऱ्या दिराचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागे शेडमध्ये टकटक झाली. गाडी सरळ झाली, टकटक थांबली. गाडी पुन्हा वळली, टकटक पुन्हा झाली.

"भावोजी, गेला ना आवाज?"

"गेला, वहिनी!" तो ओरडला, आणि जमिनीवरचा शाफ्ट दोन्ही हातांनी दाबून धरला.