खोटं सोसत नाही

“पकडीने तार तोडली हिने, डॉक्टर! बापाच्या हत्यारांच्या पेटीतून पक्कड काढली आणि आरशासमोर उभं राहून कट्कन तोडली!”

आईने कागदाची पुडी टेबलावर आपटली. आत तारेचा वाकडा तुकडा होता. ती तोडणारी पोरगी दवाखान्याच्या खुर्चीत आडवी पडून छताकडे बघत होती. वय पंधरा, ओठ सुजलेले, तोंडाचे दोन्ही कोपरे फाटलेले. घरात तिला सगळे राणीसरकार म्हणत.

“दातांना तारा लावल्यापासून नुसती नाटकं चाललीत,” आईच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. “जळजळतंय काय, आग होतेय काय, ताटावरून उठून जायचं काय! सारखे ओठ चावायचे, मग सुजणार नाहीत तर काय होणार? सगळ्यांच्या मुली तारा लावतात, हिचंच काय ते जगावेगळं. शेवटी मी बजावलं, दात सरळ होईपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. तर हे!”

आईचं अगदीच चूक होतं असंही नाही. तारांनी सुरुवातीला दुखतंच, हे डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं. शिवाय आईचे स्वतःचे दात पुढे होते. फोटो काढताना ती अजून तोंडावर हात घेई. पोरीच्या वाट्याला ते नको, म्हणून ती हट्टाला पेटली होती. “दातांचे कसले चोचले!” हे सासूबाईंचं बोलणं तिने मुकाट्याने ऐकून घेतलं होतं. आणि पोरीला त्याचं काडीचं सोयरसुतक नाही, म्हणून तिचा तिळपापड होत होता.

डॉक्टरबाईंनी दिवा खाली ओढला आणि छोटा आरसा तोंडात घातला. हिरड्या लालभडक झाल्या होत्या. जिथे जिथे धातू टेकत होता, तिथे गाल आतून सोलवटला होता. चावल्याची खूण कुठेच नव्हती. त्यांनी आरसा बाजूला ठेवला, जरा विचार केला आणि पोरीच्या कानावरचे केस मागे सारले. कानाच्या पाळीचं भोक बुजून तिथे जाड वण उरला होता.

“हे कशाने झालं?”

“ते होय?” आईचा चेहरा एकदम खुलला. “हिला खोटं सोसत नाही ना! अगदी लहानपणापासून. खोटं कानातलं घालायचा अवकाश, संध्याकाळपर्यंत कान पिकलेच म्हणून समजा. बाईसाहेबांना सोनंच लागतं. म्हणून तर राणीसरकार! हिची आत्या म्हणते, ही चुकून आपल्या घरात जन्माला आली.”

आई हसली. हा किस्सा ती आल्यागेल्याला सांगे आणि सगळे हसत.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. “तारा लावायच्या आधी मी विचारलं होतं तुम्हाला, हिला कशाची ॲलर्जी आहे का?”

“विचारलं होतंत की. मी नाही म्हणाले. हिला कुठली आलीय ॲलर्जी? धूळ चालते, औषधं चालतात, काहीही खाते.”

“खोट्या दागिन्यांत निकेल असतं. हिच्या कानांना सोसलं नाही ते निकेल. तुम्ही ही जी तार आणलीत, ती जवळजवळ निम्मी निकेलचीच आहे. दातांवर चिकटवलेल्या स्टीलमध्येही ते असतं. बहुतेकांना तोंडात काही होत नाही. हिला झालं. ही नाटकं नव्हती.”

कानांचं दुखणं आईने चारचौघांत मिरवलं होतं. तोंडाच्या दुखण्यापायी मात्र तिने पोरीला खोटारडी म्हटलं होतं, तेही तिच्या बापासमोर, आणि एकदा नव्हे.

“मग आता?” तिने कसंबसं विचारलं.

“आज सगळं काढून टाकू. तोंड पूर्ण बरं होऊ दे. नंतर निकेल नसलेलं लावता येईल, तसंही मिळतं.”

डॉक्टरबाईंनी खुर्ची थोडी वर घेतली आणि बोटाने ओठ हलकेच बाजूला केला. पोरीच्या पायांची बोटं आखडली, पण तोंडातून आवाज निघाला नाही.

“दुखतंय का गं?” त्यांनी हात मागे घेत विचारलं.

पोरीने मान वळवून आईकडे पाहिलं.

“सांग ना, बाळा,” आई घाईघाईने म्हणाली. “मी काही म्हणणार नाही. सांग त्यांना.”

पोरीने आईचा चेहरा निरखून पाहिला.

“काय सांगू? दुखतंय म्हणू, की नाही म्हणू?” तिने आईलाच विचारलं.