पाठीखालची पिशवी

“आजी, लग्नाला हो म्हणू की नको, काही सुचत नाहीये. तू आजोबांना कशावरून हो म्हणालीस?” टेसने विचारलं.

उत्तर द्यायचं सोडून रोझलिंडआजीने स्वतः काम केलेला एकाहत्तर सालचा भयपट लावला. दगडी वेदीवर बळी जाणारी तरुण रोझलिंड, भोवती नाचणारी लांब केसांची पोरं आणि सुरा उगारलेला, तोंड झाकलेला पुजारी.

“शी, किती ते रक्त! आणि तुझ्या पाठीखाली चादर फुगलीय बघ.”

“गरम पाण्याची पिशवी आहे ती. फेब्रुवारी होता. दिग्दर्शक ओरडला, ‘काढा ती!’ पुजारी झालेला पोरगा म्हणाला, ‘ती गारठणार असेल तर मी सुराच उचलणार नाही.’”

स्वयंपाकघरातून आजोबांची हाक आली, “रोझ, पिशवी भरली गं. आणू का?”