दुसऱ्या अंतऱ्यातला हुंदका

दुसऱ्या अंतऱ्याची तिसरी ओळ आली आणि सुमेधाने श्वास पुरवला. ओळ अखंड, स्वच्छ, शेवटपर्यंत गेली. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना वर्षभर तिने या एकाच ओळीवर मेहनत घेतली होती. गाणं संपलं तेव्हा तिला वाटलं, आता तरी या लोकांना खरं वाटेल.

वाशीच्या त्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला दुपारी पूजा आणि संध्याकाळी गच्चीवर गाण्यांची स्पर्धा असे. सुमेधाला बक्षिसाची हौस नव्हती. हे सिनेमातलं गाणं आपण गायलोय, असं तिने अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं होतं, वर पेढेही वाटले होते. आणि रेडिओवर गाणं वाजलं ते एका मोठ्या गायिकेच्या आवाजात. तेव्हापासून जिन्यात बायका तिला बघून तोंडाला पदर लावत.

ती खोटं बोलली नव्हती. ताडदेवच्या स्टुडिओत ती खरंच गायली होती. त्या ओळीला तिचा दम तुटला आणि आवाज हुंदक्यासारखा अडकला. "सर, परत घेऊ या ना?" तिने हात जोडले होते.

"चलेगा, चलेगा," संगीतकार म्हणाले होते.

का चालेल ते तिला कळलं नाही. त्या धंद्याची रीतच होती. मोठ्या बाईंची तारीख मिळेना की शूटिंगपुरता कोणाचा तरी आवाज भरायचा, नटीने त्यावर ओठ हलवायचे, आणि नंतर तो आवाज पुसून टाकायचा. ज्याचा पुसायचा त्याला सांगायची कोणाला गरज वाटत नसे. पण पडद्यावर नटीचे ओठ नेमके त्या जागी थरथरले होते, त्यामुळे मोठ्या बाईंनाही तिथे हुंदका घ्यावा लागला. लोक त्या हुंदक्यावर वेडे झाले. सुमेधाला मात्र तो ऐकला की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिच्या लेखी ती चूक होती, आणि आज तिने ती सुधारली होती.

परीक्षक दिनानाथ शेजारच्या सोसायटीतले. तरुणपणी एकदा आकाशवाणीवर गायले होते, म्हणून दरवर्षी तेच परीक्षक. त्यांनी माइक हातात घेतला.

"आवाज गोड आहे. पण बाई, तो हुंदका कुठे गेला? गाण्याचा सगळा जीव तिथे आहे. रेकॉर्ड नीट ऐकत जा जरा."

"अहो मास्तर, तिला काय सांगता!" जिन्यात हसणाऱ्या बायकांतल्या दुर्गाबाई मागून ओरडल्या. "गाणं तिचंच आहे म्हणे!"

गच्चीभर हशा पिकला. पहिल्या रांगेत बसलेल्या दिलीपने, तिच्या नवऱ्याने, मान खाली घातली. "सुमे, चल खाली. बस झाली शोभा," तो पुटपुटला.

सुमेधा हलली नाही. "सर, तो हुंदका माझाच होता. दम तुटला होता माझा तिथे."

"अस्सं?" दिनानाथ लोकांकडे बघून हसले. "म्हणजे स्वतःचा हुंदका स्वतःच विसरलात? बरं, एक चान्स देतो. तेवढी ओळ परत घ्या. पण त्या बाईंनी घेतलीय तश्शी."

पेटीवाल्याने सूर धरला. सुमेधाने दिलीपकडे पाहिलं. तो चपला शोधत होता.

तिने ओळ उचलली. त्या जागी आली. पुढचा शब्द धरायला गेली, पण शब्द फुटेना. माइकमधून नुसते हुंदके येत राहिले, एकामागून एक. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाकीपाशी उभ्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. "वन्स मोअर!" दुर्गाबाई ओरडल्या.

दिनानाथांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं.

"आता जमलं," ते म्हणाले. "फक्त ओरिजिनलपेक्षा जरा जास्त झाला."